शोरूममधली दुसरी गाडी

मामांना मी सांगितलं की शोरूममध्ये एकच गाडी होती. ते खोटं होतं. गाड्या दोन होत्या, शेजारीशेजारी उभ्या. एक हस्तिदंती, एक काळी. मामांना उजळ रंगाची हवी होती, ती त्यांच्याच नंबरावर मिळत होती, आणि मी काळी घेऊन आलो. मला ती जास्त सुंदर दिसली, याखेरीज दुसरं कारण नव्हतं.

लिहायला चार ओळी पुरल्या. तोंडाने सांगायला मात्र मला काही वर्षं लागली, आणि ती सगळी वर्षं मी सोलापुरात रस्त्याने चालताना मागे वळून बघत चाललो.

तेव्हा मी एका कचेरीत कारकून होतो. दुष्काळ नुकताच सरला होता. माझ्याकडे सायकल होती आणि डोक्यात सतत मोटारी होत्या. सात रस्त्याजवळ मोटारीच्या स्पेअर पार्टचं एक दुकान होतं, त्याच्यापुढे फळीचा बाक. कचेरी सुटली की आम्ही चारपाच जण तिथे जमायचो. दुकानदार सोडला तर आमच्यापैकी कुणाच्या घरी मोटार नव्हती, आणि दुकानदाराकडेही स्कूटरच होती. पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीवर आमचं मत असायचं.

"अँबॅसिडर म्हणजे जेवून उठलेला सासरा," दुकानदार म्हणायचा. "पोट पुढं, हात मागं. घाई म्हणून न्हाय."

"आणि फियाट?"

"फियाट कॉलेजातली पोरगी. वह्या छातीशी धरून निघाली तरातरा. कुणाकडं बघायची न्हाय."

"हेराल्ड राहिली की."

"ती भुवया चढवून बघती. जसं काय तुमीच उशिरा आलाय."

गाड्याच मोजक्या, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींवर भांडणं मोठी. अँबॅसिडरच्या पुढच्या जाळीची नक्षी बदलली तेव्हा आमच्यात दोन तट पडले आणि एकाने आठवडाभर चहा वेगळा घेतला. आमच्यात एक फोटोग्राफर होते, वयाने मोठे. त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणायचे, "गाडीचा खरा रंग काळा. बाकीचे रंग म्हणजे तिला घातलेले कपडे. पांढऱ्यावर रेघ मरते. काळ्यावर क्रोम बोलतं." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी म्हणून दाखवलं होतं, की ते माझंच आहे असं मला वाटू लागलं होतं. रद्दीतून आणलेली परदेशी मासिकं मी वाचायचो, अर्थात चित्रं बघायचो म्हणणं जास्त खरं. लोक मला विचारायला येऊ लागले. मला गाडी चालवता येत नाही हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मामांना माझं फार कौतुक. आईचे हे थोरले भाऊ, अक्कलकोटच्या बाजूचे, सोलापुरात राहून लग्नाच्या भाड्याला गाडी चालवायचे. घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायची. त्यांची जुनी गाडी पार मोडीत निघाली होती. असेल नसेल ते घालून त्यांनी नवी अँबॅसिडर नोंदवली होती आणि नंबर लागायची वाट बघत होते. लग्नसराईवर त्यांचं घर चालायचं. उन्हाळ्यातल्या वराती वर्षाची ज्वारी भरून द्यायच्या. धाकट्या मुलीचं लग्नही याच गाडीच्या कमाईवर उरकायचं, हे त्यांनी आणि मामींनी ठरवून ठेवलं होतं.

पुण्याहून नंबर लागल्याचा निरोप आला तेव्हा मामांची कंबर धरली होती. उठताबसता येईना. त्यांनी मला बोलावलं.

"तूच जा. गाडीतलं तुला जेवढं कळतं तेवढं हितं कुणाला कळतंय? चाचा येईल बरोबर, तो चालवत आणंल."

चाचा म्हणजे मामांचे जुने दोस्त, विजापूर वेशीकडचे ड्रायव्हर.

"रंग कुठला आणू?" मी विचारलं.

"उजळ आण. पांढरी बघ, न्हायतर हस्तिदंती. तेबी नसलं तर फिकी आकाशी. नवरी बसणार हाय त्यात."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. ऐकण्यात माझी काही चूक झाली असं मला कधीच म्हणता आलं नाही.

शोरूममध्ये टाय लावलेला माणूस आम्हाला दोन गाड्यांपुढे घेऊन गेला. "तुमचा नंबर आधी आहे. दोन्हीतली कुठलीही घ्या. राहील ती या साहेबांची." बाजूला पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ हात बांधून उभे होते. तेही सोलापूरचेच निघाले, कापडाचे व्यापारी. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण त्यांची गाडी माझ्या तोंडातून ठरणार होती.

मी हस्तिदंती गाडीभोवती एक फेरी मारली. चांगली होती. मग काळीकडे वळलो. तिच्या बॉनेटवर छताचे दिवे लांबच लांब ताणलेले दिसत होते, आणि पुढच्या जाळीचं क्रोम खरोखरच बोलत होतं. सासऱ्याचं पोट कुठे दिसत नव्हतं. मला बाकावरची मंडळी दिसू लागली. ही गाडी सात रस्त्यावर उभी राहिली की फोटोग्राफर काय म्हणतील, तेही ऐकू येऊ लागलं.

"मियाँ, मामू उजला रंग बोले थे ना?" चाचा हळूच म्हणाले.

"चाचा, लाइन बघा तिची."

"मेरेकू तो गाडी दिखरी. लाइन किधर है?"

मी हसलो आणि काळीवर बोट ठेवलं.

व्यापाऱ्यांनी माझे दोन्ही हात धरले. "लई उपकार झाले ओ तुमचे. काळी घेऊन गेलो असतो तर घरात पाऊल टाकू दिलं नसतं." ते मनापासून म्हणाले. अजून कागद व्हायचे होते. मी बदलू शकत होतो. पण इतक्या जणांसमोर शब्द मागे घेण्याची मला लाज वाटली.

इंदापूरपर्यंत मी मजेत होतो. टेंभुर्णी मागे पडल्यावर मामांचा चेहरा दिसू लागला. मोहोळच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी चाचांना म्हणालो, "मामांना एवढंच सांगू की एकच गाडी होती."

चाचांनी बशीतला चहा संपवला. "तुम्हारे घर की बात है. मैं अपने मुँह से नहीं बोलता. पन मामू पूछे तो झूठ नहीं बोलूंगा."

मामी ताट घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी वळून समोर आली आणि त्यांचा ताटाचा हात तसाच राहिला. "अय्यो," एवढंच त्या म्हणाल्या. मामा भिंतीला धरून बाहेर आले.

"पांढरी न्हवती व्हय रं?"

"नव्हती, मामा. एकच होती. ही नको म्हटलं असतं तर नंबर मागं गेला असता."

मी चाचांकडे बघितलं नाही. मामांनी त्यांच्याकडे वळून काही विचारलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण मामा मला विचारल्यावर आणखी कुणाला विचारत नसत. त्यांनी गाडीवरून हात फिरवला. "होग्ली बिडू," ते मामींना म्हणाले, म्हणजे जाऊ दे, सोड. "आपल्या वाटणीला आलं ते आपलं. किसनबी काळाच हाय की." मामींनी बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. काळ्या रंगावर ते लख्ख उठून दिसले. "बघा, शोभतंय की," मी म्हणालो. हेही म्हणालो मी.

बाकावर गाडीचं स्वागत झालं. फोटोग्राफरांनी तिच्याभोवती बसून, उभं राहून, वाकून फोटो काढले. दुकानदार म्हणाला, "सासरा दहा वर्षांनी तरणा झाला." सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते. आणि मी रस्त्याकडे बघत होतो, कारण ती दुसरी गाडीही याच गावात आली होती.

मग लग्नसराई लागली. गाडी ठरवायला माणसं यायची. एका नवऱ्यामुलाचे वडील आले तेव्हा मी तिथेच होतो. ते गाडीभोवती फिरले, काचेतून आत डोकावले.

"गाडी झकास हाय. नवी कोरी. पण..." त्यांनी मामांकडे बघितलं. "दुसरी न्हाय व्हय?"

"हीच हाय."

"न्हाय, आमचं काय न्हाय ओ. घरातली म्हातारी माणसं. लग्नाला काळी म्हटल्यावर..." बोलता बोलता त्यांनी दार उघडायला हात लावला आणि चटकन मागे घेतला. सोलापूरचं वैशाखातलं ऊन, दुपारची वेळ. पत्रा तव्यासारखा तापला होता. आत शालू नेसून, बाशिंग बांधून बसायचं म्हणजे काय, याचा विचार बाकावर कुणाच्याही मनात आला नव्हता. आम्ही गाड्या बाहेरून बघायचो. मेमध्ये गाडीत बसण्याची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

तसेच आणखी लोक आले आणि गेले. काही जण तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून "निरोप देतो" म्हणायचे. मामा खुर्ची टाकून निरोपाची वाट बघत बसायचे.

आणि एके दिवशी सात रस्त्यावरून ती हस्तिदंती गाडी आली. झेंडूच्या माळा, पुढे बँड. कापडाच्या व्यापाऱ्यांनीही गाडी लग्नाला द्यायला सुरुवात केली होती. मी दुकानाच्या पाटीमागे सरकलो. ते स्वतः चालवत होते. मला बघतील, थांबतील, खाली उतरून पुन्हा हात धरतील, अशी मला धास्ती वाटली. त्यानंतर बँड वाजला की मला घाम फुटायचा. लग्नाचं आमंत्रण आलं की मी आधी विचारायचो, गाडी कुणाची आहे.

मामांनीही ती पाहिली होतीच. "गावातच हाय की पांढरी. त्यानं कुटनं मिळवली आसंल?"

"त्याचा नंबर आपल्या आधी लागला असेल," मी म्हणालो. एका खोट्याला आता दुसरं जोडलं गेलं होतं.

पहिली सराई कोरडी गेल्यावर मामांनी रंग बदलून घ्यायचं काढलं. पेंटरला घरी बोलावलं. मी कचेरीतून धावत गेलो. "मामा, कंपनीचा रंग भट्टीतला असतो. वरून दुसरा चढवला की ठोकलेली गाडी वाटते. विकायची वेळ आली तर कुणी विचारणार नाही." हे सगळं खरं होतं, आणि बाकावरच्या मंडळींनीही माझ्या बाजूने मान डोलावली. पण मी ते मामांच्या भल्यासाठी म्हणत होतो, की त्या सुंदर गाडीवर पेंटरचा हात फिरताना मला बघवलं नसतं म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मामांनी पेंटरला चहा पाजून परत पाठवलं.

वराती नाहीत म्हटल्यावर ते लांबची भाडी घेऊ लागले. आजारी माणसांना मिरजेला न्यायचं, करमाळ्याला देवीला, कुणाला पुण्याला. पाचसहा मैलांच्या वरातीऐवजी दिवस दिवस स्टिअरिंगवर. कमरेला रुंद पट्टा बांधून बसायचे. मी घरी गेलो की मामी त्यांच्या पाठीला तेल चोळत असायच्या आणि मामा भिंतीकडे तोंड करून विचारायचे, "कोण, भाचेबुवा का? बस. नवीन कुठली गाडी निघाली?" त्यांना वाटायचं मला आवडेल असं काही बोलावं. मी काहीतरी सांगायचो आणि लवकर निघायचो.

धाकट्या मामेबहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं साधी होती, देण्याघेण्याचा हट्ट नव्हता. फक्त एक निरोप आला, की वरात उजळ गाडीतून निघावी. नवरीच्या बापाच्या दारात गाडी आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून निरोप आडून आडून दिला होता.

मामांनी मला बोलावलं. "त्या कापडवाल्याकडं जाऊन ये. पांढरी ठरव. तुला सगळे गाडीवाले ओळखत्यात."

मी दोन दिवस टाळलं. मग गेलो. व्यापाऱ्यांनी मला दुकानाच्या पायरीवरच ओळखलं.

"अहो या, या! तुमची आठवण काढतो मी. गाडीत बसलो की काढतो." मामांच्या लेकीच्या वरातीला गाडी हवी असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मामांना भेटायचं मनात हाय, लग्नात येतोच स्वतः गाडी घेऊन. त्यांचेबी उपकारच की."

मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की शोरूममधलं काही मामांसमोर बोलू नका.

"म्हंजे? मामांना ठाऊक न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी हातातलं कापडाचं ठाण परत गुंडाळायला घेतलं. बराच वेळ गुंडाळत राहिले. "मी बोलणार न्हाय. पण आपल्याच पोरीच्या लग्नाला दुसऱ्याची गाडी आणायला लागतीय ओ त्यांना. आन् तीबी माझ्याकडनं." पुढे म्हणाले, "तुमी मला चांगलं अडकवलं."

लग्नाच्या दिवशी मामांनी काळी गाडी मागच्या बोळात नेऊन उभी केली होती आणि वर ताडपत्री टाकली होती. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. अक्षता पडल्या, जेवणं झाली, हस्तिदंती गाडी माळा घालून दारात आली. मामा पुढे झाले आणि व्यापाऱ्यांपुढे हात जोडले.

"नशीबवान तुमी. आमी गेलो तवा शोरूमात एकच उरली हुती."

व्यापाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते खाली वाकून माळेची गाठ आवळत बसले. "व्हय," गाठीकडे बघत म्हणाले, "होतंय आसं कवाकवा."

माझ्यासाठी तो भला माणूस खोटं बोलला. मागे चाचा उभे होते, ते तिथून निघून गेले. मला वाटलं, आता हे माझ्यापुरतं राहिलेलं नाही. मी एकेकाला यात ओढत चाललो आहे.

वरात गेली. मांडव रिकामा झाल्यावर मामा मागच्या बोळात गेले. राहिलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायचं होतं. मी मागोमाग गेलो. ते ताडपत्रीची दोरी सोडत होते.

"मामा, शोरूममध्ये दोन गाड्या होत्या."

"कुठल्या शोरूमात?"

"पुण्याच्या. आज आलेली पांढरी, ती होती तिथं. आपला नंबर आधी होता."

त्यांनी दोरी हातातच धरली. "मग दिली न्हाय त्यांनी?"

"देत होते. मीच काळी मागितली."

"का रं?"

किती शब्द होते माझ्याकडे. रेघ, क्रोम, जाळी. त्यातला एकही तोंडातून निघेना. "मला छान दिसली," मी म्हणालो.

मामा ताडपत्रीवर हात टेकून उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "दर सराईला मी देवाला बोलायचो," ते म्हणाले. "म्हणायचो, एवढी वर्षं तुझं केलं आन् माझ्याच वाटणीला ही ठेवलीस व्हय. त्याचा काय दोष न्हवता तर." मग विचारलं, "तुझ्या मामीला ठाऊक हाय?"

"नाही."

"मी न्हाय सांगणार." त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "अगं, इकडं ये जरा. ह्याला कायतरी बोलायचंय."

मामी आल्या. लेक नुकतीच सासरी गेलेली, डोळे सुजलेले, हातांना अजून हळद. दिवसभर उभ्या राहिलेल्या बाई त्या गाडीच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "बोल की."

मामांना सांगितलं होतं तेच पुन्हा सगळं सांगितलं. दोन गाड्या होत्या, पसंती आपली होती, मामांनी उजळ आण म्हणून बजावलं होतं. पेंटरला मी परत पाठवायला लावलं, व्यापाऱ्यांना मी गप्प केलं. मामा बाजूला उभे राहून ताडपत्रीची घडी करत होते, ती काही नीट होत नव्हती.

मी दोघांच्या पायाशी वाकलो. "मामा, मामी, चुकलं माझं. गाडी तुमची होती, पोट तुमचं होतं, आणि मी ती माझ्या डोळ्यांसाठी आणली. मिरजेच्या रस्त्यावर तुमची कंबर मोडली ती माझ्यामुळं. आज तुमच्याच लेकीच्या लग्नात तुम्हाला दुसऱ्यापुढं हात जोडायला लागले तेही माझ्यामुळं. आणि हे सगळं दिसत असताना मी गप्प बसलो. मला माफ करा."